परीक्षेचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं होतात, नाटकांची होतात, गाण्याच्या बैठकीची तर गवयाने तंबोरा खाली ठेवायच्या आत होतात. लग्नातल्या जेवणाचं परीक्षण हात धुण्याच्या रांगेतच सुरू होतं आणि त्यात मठ्ठ्याचीसुद्धा गय केली जात नाही. पण परीक्षेचं परीक्षण करावं असं मात्र आपल्याकडे कोणाच्या मनात येत नाही. परीक्षा म्हणजे गावदेवी. तिच्यापुढे नारळ फोडायचा, अंगारा लावायचा आणि पुढे सरकायचं. मूर्तीचं नाक जरा वाकडं आहे का, हे बघायचं नाही. शिवाय अडचण अशी की, नापास झालेल्याने परीक्षेला नावं ठेवली तर लोक त्याला कोल्हा म्हणतात आणि द्राक्षांची आठवण करून देतात. पास झालेला नावं ठेवीत नाही, कारण तो पेढे वाटण्यात गुंतलेला असतो. तेव्हा हे काम करायला असा माणूस हवा की जो पास झाला आहे आणि ज्याने पेढे वाटलेले नाहीत. असा माणूस मी आहे.

मी पास झालो ती परीक्षा अमेरिकेच्या इतिहासाची. बँकेच्या काउंटरमागे ज्याची अर्धी हयात गेली आणि ज्याने पश्चिम दिशेला गिरगाव चौपाटीच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही, त्याला ही परीक्षा कशाला हवी, असं कोणी विचारील. मला नव्हतीच, माझ्या भाच्याला हवी होती. तो न्यू जर्सीत असतो. अमेरिकेचं नागरिक व्हायचं तर सरकारी अधिकाऱ्यासमोर बसून तिथला राज्यकारभार आणि इतिहास यांची तोंडी परीक्षा द्यावी लागते. २००८ साली ठरलेल्या यादीत शंभर प्रश्न होते. अधिकारी त्यांतले जास्तीत जास्त दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली, विचारायचे वीस आणि बरोबर हवेत बारा. म्हणजे महागाई तिथेही आहे. भाच्याचा अर्ज जुन्या भावातला. तो फोनवर म्हणाला, "मामा, तू विचार, मी उत्तरं देतो." त्याची उजळणी झाल्यावर म्हणाला, "आता मी विचारतो, तू दे." मी दहापैकी दहा दिली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "गॅसचा नंबर कधी लावलाय, तेही विचार त्यांना!"

दहापैकी दहा! आणि नेमकी तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. रोज नोटा मोजणाऱ्याला एक सवय लागते : दिवसअखेरची रोकड पहिल्याच मोजणीत पैशाला पैसा जुळली, तर चहा न पिता ती पुन्हा मोजायची. कारण दोन चुका एकमेकींना मिठी मारून बसल्या की हिशेब फार सुंदर जुळतो. अमेरिकेच्या इतिहासात माझी गती किती, हे मला ठाऊक आहे. त्या मानाने हे गुण फारच झाले. म्हणून मी ती यादी पुन्हा मोजायला घेतली. हे परीक्षण त्या दुसऱ्या मोजणीचं.

परीक्षणाची रीत अशी की, आधी चांगलं बोलावं. तेही बोलतो. या परीक्षेत पेपर फुटण्याची भीती नाही, कारण तो सरकारच फोडतं. प्रश्न आणि त्यांची चालणारी उत्तरं छापून, फुकट वाटून ठेवलेली असतात. भाषा इतकी सोपी की, आमच्या बँकेचा कर्जाचा अर्ज याच लोकांकडून लिहून घ्यावा असं वाटलं. शिवाय परीक्षकाला हृदय आहे. अर्जदाराचं वय पासष्ट किंवा जास्त असेल आणि त्याने कायमचा रहिवासी म्हणून वीस वर्षं काढली असतील, तर त्याला खुणा केलेले वीसच प्रश्न पाठ करावे लागतात. म्हातारपणी माणसाला नातवंडांची नावं आठवत नाहीत, तिथे तेरा मूळ राज्यांची कुठून आठवणार, हा विचार ज्या सरकारने केला ते अगदीच कोरडं नसणार.

दुसरी चांगली गोष्ट अशी की, या परीक्षेत परका माणूस घरच्यापेक्षा हुशार ठरतो. २०१८ साली तिथल्या एका प्रतिष्ठानाने याच यादीतले प्रश्न काढून अमेरिकन माणसांना विचारले. शंभरात छत्तीस पास झाले. बेंजामिन फ्रँकलिनने विजेचा दिवा शोधून काढला असं सांगणारे सदतीस निघाले, म्हणजे पास होणाऱ्यांपेक्षा एक जास्तच. फ्रँकलिन वारला १७९०मध्ये आणि एडिसनचा दिवा लागला १८७९मध्ये. मधली एकोणनव्वद वर्षं त्या सदतिसांनी अंधारात काढली असावीत.

अर्थात ही बोंब नवी नाही. १९१७ साली टेक्सासच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांची अशीच परीक्षा घेतल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा हायस्कूलच्या मुलांना सरासरी शंभरात तेहतीस गुण पडले होते. १९४३ साली न्यूयॉर्क टाइम्सने कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या सात हजार मुलांना विचारलं, तेव्हा मूळच्या तेरा वसाहतींची नावं शंभरात सहा जणांना सांगता आली. २०२२ साली आठवीच्या मुलांची राष्ट्रीय चाचणी झाली, तीत इतिहासात 'प्रवीण' ठरली ती शंभरात तेरा. हिशेब केला तर असं दिसतं की, १९१७ साली जे आपटले तेच १९४३ साली बापाच्या खुर्चीत बसून पेपर वाचत 'हल्लीच्या पोरांना काही येत नाही' म्हणत होते. आपल्याकडे पावकी-निमकीचं जे झालं तेच. ज्याला स्वतःला दिडकी कधी येत नव्हती, तोच नातवाला "आमच्या वेळी..." म्हणून सुनावतो.

इथवर तक्रार नाही. आता एकेक नोंद घेऊ.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा केव्हा मंजूर झाला? उत्तर, ४ जुलै १७७६. बरोबर. पण फिलाडेल्फियाच्या त्या काँग्रेसने इंग्लंडपासून वेगळं व्हायचा ठराव केला २ जुलैला, मसुदा मंजूर झाला ४ जुलैला आणि बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला. जॉन ॲडम्स यांनी तर बायकोला पत्रातून कळवून टाकलं होतं की, पुढच्या पिढ्या २ जुलै हा सण म्हणून साजरा करतील. कर्ज मंजूर झाल्याची तारीख, कागद तयार झाल्याची तारीख आणि सह्यांची तारीख या तीन निराळ्या असतात, हे ज्याने कधी घर घेतलं त्या प्रत्येकाला माहीत आहे. राष्ट्राचंही घरासारखंच असतं. पण प्रश्न 'मंजूर केव्हा झाला' असाच विचारलाय, तेव्हा इथे परीक्षक सुटला. पुढे जाऊ.

वसाहतीतले लोक इंग्रजांशी का लढले? चालणाऱ्या उत्तरांत पहिलं आहे 'जास्त कर'. पुढे कंसात 'प्रतिनिधित्वाशिवाय कर' अशी पुस्ती आहे. पण कंसातलं कोण वाचतो? विम्याच्या पॉलिसीतलं तरी आपण वाचतो का? पोरांच्या ध्यानात राहतं ते एवढंच की, कर जास्त झाला म्हणून बॉस्टनकरांनी चहा समुद्रात टाकला. १६ डिसेंबर १७७३च्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फेकल्या, ही गोष्ट खरी. पण त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने तो चहा स्वस्त झाला होता! ईस्ट इंडिया कंपनी अडचणीत होती, तिच्या गोदामात चहा पडून होता. तो थेट वसाहतीत विकायची तिला परवानगी मिळाली आणि भाव उतरला. पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर तेवढा ठेवला. चोरट्या चहावर धंदा करणारे व्यापारी त्यामुळे हवालदिल झाले आणि बाकीच्यांना प्रश्न पडला की, आमचा एकही माणूस जिथे बसत नाही त्या पार्लमेंटने आमच्यावर कर का म्हणून बसवावा? म्हणजे भांडण किमतीचं नव्हतंच, सहीच्या अधिकाराचं होतं. माणूस स्वस्त चहासुद्धा फेकून देतो, हे ज्याला कळलं त्याला अमेरिकेतलं काहीतरी कळलं. 'जास्त कर' म्हणणाऱ्याला आमच्या कॅन्टीनमधल्या चहाच्या भाववाढीइतकंच कळलं.

आणि ही कंपनी म्हणजे आपलीच, ओळखीची. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेच हे वर्ष. पुढे गादीसाठी रघुनाथरावांनी १७७५ साली सुरतेस तह करून ज्यांचा हात धरला, ते याच कंपनीचे मुंबईकर. बॉस्टनला चहा बुडत होता तेव्हा पुण्यात काय बुडायला लागलं होतं, हे एका पानावर मांडलेलं मी कुठल्याही गाइडात पाहिलं नाही. लॉर्ड कॉर्नवॉलिसचंही तेच. यॉर्कटाउनला १७८१ साली त्याने वॉशिंग्टनपुढे शरणागती पत्करली. शस्त्रं खाली ठेवायच्या समारंभाला प्रकृतीचं कारण सांगून स्वतः गेला नाही, हाताखालच्याला पाठवलं. अमेरिकेच्या पुस्तकात तो तिथेच संपतो. आमच्या पुस्तकात तो १७८६ साली गव्हर्नर जनरल म्हणून, जणू मावशीकडून आल्यासारखा, ताजातवाना उगवतो आणि १७९२ साली पेशवे आणि निजाम यांना बरोबर घेऊन टिपूचं अर्धं राज्य उतरवून घेतो. एका शाखेत मोठं कर्ज बुडवलेल्या साहेबाची त्याहून मोठ्या शाखेवर बदली होते, हे कोडं आम्हां कारकुनांना नेहमी पडतं. त्याचं मूळ इतकं जुनं असेल असं वाटलं नव्हतं.

बरं, १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून कोणता प्रदेश विकत घेतला? उत्तर, लुईझियाना. एक शब्द, पूर्ण गुण. व्यवहार मात्र मोठा होता. दीड कोटी डॉलर देऊन सुमारे सव्वाआठ लाख चौरस मैल मिळाले, देश दुप्पट झाला. नेपोलियनला पैसा हवा होता लढाईसाठी. अमेरिकेजवळ रोकड नव्हती म्हणून सहा टक्क्यांचे रोखे काढले गेले आणि ते घेतले लंडनच्या बेअरिंग आणि ॲमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी. इंग्लंडशी लढणाऱ्या नेपोलियनला पैसा पोचला तो इंग्लंडच्याच पेढीमार्फत! हे वाचून मी मान डोलावली. पेढी ती पेढी.

पण जमिनीवर कर्ज देताना आम्ही आधी सात-बाराचा उतारा मागतो. सातावर मालक कोण आणि बारावर पीक कोणाचं, दोन्ही बघतो. सातावर नाव एकाचं आणि शेत कसतोय दुसराच, असं दिसलं की आमचे साहेब फाइल मिटतात. लुईझियानाचं काय होतं? सातावर कालपर्यंत स्पेन, मग फ्रान्स. बारावर ओसेज, पॉनी, लाकोटा आणि असे कितीतरी. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे, शिकार करणारे, मका पिकवणारे. त्यांना कोणी विचारलं नाही. म्हणजे फ्रान्सने जे विकलं ते बहुतेक 'आम्ही इथे हक्क सांगत होतो, आता तुम्ही सांगा' एवढंच. ताबा घ्यायचं काम तहांनी, फसवणुकीने आणि बंदुकीने पुढची जवळजवळ नव्वद वर्षं चाललं. आणि गंमत बघा, 'एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने केलेलं एक युद्ध सांगा' या प्रश्नाला त्या यादीत चारच उत्तरं चालत होती : १८१२चं युद्ध, मेक्सिकोचं, यादवी आणि स्पेनचं. १८७६ साली लिटल बिगहॉर्नला कस्टर पडला ती लढाई कोणत्या खात्यात? १८९० साली वुंडेड नीला बायकामुलांसकट लाकोटांची कत्तल झाली ती? खातंच उघडलेलं नाही, मग नोंद कुठे करणार!

राष्ट्रपिता कोण, या प्रश्नाला जॉर्ज वॉशिंग्टन हे उत्तर आपल्याकडच्या पोरालाही येतं, कारण चेरीच्या झाडाची गोष्ट आपणही ऐकलेली असते. कुऱ्हाड घेऊन झाड तोडलं आणि बापाला खरं सांगितलं. ही गोष्ट वीम्स नावाच्या पाद्री चरित्रकाराने वॉशिंग्टन वारल्यानंतर, १८०६च्या आवृत्तीत घातली, आणि ती बनवलेली आहे. खरं बोलावं हे शिकवण्यासाठी दोनशे वर्षं आपण पोरांना एक थाप सांगत आलो. वॉशिंग्टन यांच्या घरचा खरा दस्तऐवज हवा असेल तर त्यांच्या हिशेबाच्या वहीत १७८४ सालची एक नोंद आहे : निग्रोंकडून नऊ दात घेतले, त्याबद्दल सहा पौंड दोन शिलिंग दिले. दंतवैद्याच्या खात्यावर. ते दात पुढे कोणाच्या तोंडात बसले, हे वहीत लिहिलेलं नाही. हिशेबाच्या वहीत तेवढंच लिहितात जेवढ्याला पैसे पडले. पण इथे चेरीचं झाड पाठ करून घेण्यापेक्षा ही एक ओळ पोरांना नुसती वाचून दाखवली, तर मास्तरांना पुढचं काही बोलावं लागणार नाही.

आणि आता ज्यासाठी हे परीक्षण लिहायला घेतलं, तो प्रश्न. 'यादवी युद्धाला कारण झालेली एक समस्या सांगा.' चालणारी उत्तरं तीन : गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क. कोणतंही एक सांगा आणि गुण घ्या. मी 'आर्थिक कारणं' सांगितलं होतं, बी.कॉम. माणूस दुसरं काय सांगणार! पूर्ण गुण मिळाले. पण कॉमर्सच्या माणसाला पहिल्या वर्षीच शिकवतात की, एकच रक्कम तीन ठिकाणी मांडली म्हणजे ती तिप्पट होत नाही. तिला तीन नावं दिली एवढंच.

राज्यांचे हक्क म्हणजे कसले हक्क? डिसेंबर १८६०मध्ये फुटून निघताना दक्षिण कॅरोलायनाने आपली कारणं छापली. तक्रार काय, तर पळून आलेले गुलाम उत्तरेकडची राज्यं परत करीत नाहीत. म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांनी आपला हक्क बजावला, हीच तक्रार! १८६१ साली मिसिसिपीने तर आडपडदा ठेवलाच नाही. आमचं सगळं गुलामगिरीवर उभं आहे, असंच लिहून दिलं. आणि आर्थिक कारणं म्हणजे काय? १८६०च्या जनगणनेत गुलाम माणसं जवळजवळ चाळीस लाख मोजली गेली. ती विकली जात, वारसात वाटली जात, आणि आमच्या धंद्यातला शब्द वापरायचा तर, तारण ठेवली जात. जानेवारी २००५मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेने जाहीर करून माफी मागितली. तिच्यात पुढे विलीन झालेल्या लुईझियानातल्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे तेरा हजार माणसं कर्जापोटी तारण म्हणून घेतली होती. हप्ते थकले तेव्हा त्यांतली सुमारे साडेबाराशे बँकांच्या मालकीची झाली. ज्या लुईझियानाच्या नावाला एक गुण, तेच हे लुईझियाना.

हे वाचल्यावर त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. मळेवाला माझ्या ओळखीचा नाही, सेनापती नाही, अध्यक्ष तर नाहीच. पण तारणाच्या वहीत नावं कोणी लिहिली असतील? नाव, वय, किंमत, हप्ता थकल्याची तारीख. कोणीतरी पगारी माणूस दहा वाजता येऊन, टेबल पुसून, बोरू टोकदार करून, सुवाच्य अक्षरात ते लिहीत असणार. खाडाखोड झाली तर बारीक सही करीत असणार. त्याची बायकोही त्याला संध्याकाळी येताना भाजी आणायला सांगत असेल. त्याचा हिशेब रोजच्या रोज जुळत असणार. पहिल्या मोजणीतच.

म्हणून मी म्हणतो की 'गुलामगिरी' आणि 'आर्थिक कारणं' ही दोन उत्तरं नाहीत, एकाच नोंदीच्या जमा आणि नावे अशा दोन बाजू आहेत. त्यांना वेगवेगळे गुण देणाऱ्या परीक्षेत माणूस जमेची बाजू सांगून सुटतो. नावे काय पडलं ते बघावंच लागत नाही. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले त्या युद्धात. त्याचं कारण सांगायला एक शब्द पुरतो, आणि शब्द निवडायची सवलतही असते!

आता न्यायाचं बोलायला हवं. 'मग काय, निबंध लिहून घ्यायचा का?' असं कोणी विचारील. नाही. ठरलेली उत्तरं नसलेली परीक्षा किती वाईट असते, हेही अमेरिकेच्याच इतिहासात आहे. १८९० साली मिसिसिपीने मतदारासाठी अट घातली की, राज्यघटनेचं कलम वाचता तरी यावं, किंवा ऐकून त्याचा समाधानकारक अर्थ सांगता यावा. समाधान कोणाचं? टेबलामागे बसलेल्या गोऱ्या नोंदणी कारकुनाचं. गोऱ्याने काहीही सांगितलं तरी त्याचं समाधान होई, काळ्या प्राध्यापकानेही सांगितलं तर होत नसे. १९६५च्या मतदानहक्क कायद्याने तो खेळ मोडला. म्हणजे छापील उत्तर हे गरीब अर्जदाराचं कवच आहे. माझ्या भाच्याचं नागरिकत्व साहेबाच्या समाधानावर लटकावं, असं मी मामा असेपर्यंत म्हणणार नाही. तेव्हा परीक्षा आहे तशी राहू द्या. फक्त तिला प्रवेशाचं तिकीट म्हणा, ज्ञान म्हणू नका. तिकिटावर नाटकाचं नाव असतं. तिकीट वाचून नाटक पाहिलं असं कोणी सांगत नाही. आपण मात्र घरोघर असलीच तिकिटं गोळा करून पोरांना 'जनरल नॉलेज'चे कप देत असतो.

अमेरिकेचा इतिहास खरा समजलेला एक माणूस मात्र आपल्या पुण्यातच होऊन गेला आणि त्याला कोणी दहा प्रश्न विचारले नव्हते. तिथे गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. लिंकन यांचा १८६३चा जाहीरनामा फक्त बंडखोर भागापुरता होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर या संघाबरोबर राहिलेल्या राज्यांतल्या गुलामांना तो लागू नव्हता, तरी 'गुलाम मुक्त केले' एवढं म्हटलं की त्या यादीत गुण मिळत होता. या घटनादुरुस्तीनंतर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवल्याबद्दल. जोतीराव अमेरिकेला गेले नव्हते. त्यांनी तिकडची एक नोंद वाचली आणि ती इकडच्या खतावणीत, आपल्या शूद्रातिशूद्रांच्या नावे, बरोबर त्या पानावर उतरवली. पान कोणतं, हे त्यांना गाइडाने सांगितलं नव्हतं.

अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात हा प्रश्न सापडेल : 'गुलामगिरी' हा ग्रंथ कोणी लिहिला? उत्तर, महात्मा फुले. गुण एक. अर्पण कोणाला केला आणि का, हे कोणी विचारीत नाही. ते विचारायला गेलं तर उत्तर एका शब्दात बसत नाही, पेपर तपासणाऱ्याला वेळ लागतो, आणि एखादं पोरगं घरी येऊन आपल्यालाच पुढचा प्रश्न विचारण्याची भीती असते.